मावशीच्या गाठीने आयोडीन का घेतलं नाही? (थायरॉईडचा आक्रमक कॅन्सर आणि मायक्रोआरएनए)

चेंदणीची_लेक

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझी मावशी ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात राहते. वय ६१. तीन वर्षांपूर्वी मानेला गाठ लागली, सुई घालून तपासणी झाली, पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईडच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) निघाला. ऑपरेशनमध्ये अख्खी थायरॉईड ग्रंथी आणि मानेतल्या लसिका गाठी काढल्या. जो तो म्हणायचा, "थायरॉईडचा ना? मग घाबरू नका, हा त्यातल्या त्यात चांगला कॅन्सर." आम्हीही तेच धरून बसलो होतो.

मग परळच्या हॉस्पिटलात किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस झाला. त्याआधी दोन आठवडे पथ्य: आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूध-दही जवळजवळ बंद. कोळीवाड्यात राहून दोन आठवडे म्हावऱ्याला हात लावायचा नाही हे काय असतं ते तिथं वाढलेल्यालाच कळेल. शेजारी सुकट भाजायला घेतली की मावशी खिडकी लावून घ्यायची. एकदाही पथ्य मोडलं नाही तिने.

डोसनंतरच्या स्कॅनमध्ये मानेत थोडंसं उजळलं. पण पुढच्या वर्षी रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन, ते चढलं म्हणजे कॅन्सरच्या पेशी उरल्याची खूण) चढायला लागलं. ४, मग ११, मग २६. पुन्हा पथ्य, पुन्हा डोस. या वेळी स्कॅन कोरा. पेट स्कॅन केला तर मानेत दोन गाठी आणि फुफ्फुसात बारीक ठिपके. आम्हाला एवढंच सांगितलं गेलं, "गाठ आयोडीन घेत नाहीये." का घेत नाही, ते विचारायला सवड मिळाली नाही. बाहेर चाळीस माणसं रांगेत होती.

घरी आल्यावर मावशीने मला विचारलं, "मी पथ्य बरोबर पाळलं नाय का गं?"

तेव्हापासून मी वाचतेय. 'मायक्रोआरएनए' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मिर-१४६बी, मिर-२२१, मिर-२१. मी बी.कॉम., बँकेत नोकरी करते, मला त्यातलं फार कळत नाही. कुणी मराठीत समजावून सांगेल का? आणि एका खासगी लॅबमध्ये चौकशी केली तेव्हा त्यांनी रक्तातल्या मायक्रोआरएनएची तपासणी सुचवली, "कॅन्सर किती आक्रमक आहे ते कळेल" म्हणाले. आकडा पाच अंकी आहे. करावी का?

ऐरोलीची_आई

मावशींना माझा नमस्कार सांगा. माझाही डोस झालाय, पाच वर्षं झाली, मला लागू पडला. पथ्य मी त्यांच्याइतकं कडक पाळलं नव्हतं, एकदा चुकून बाहेरचं खाल्लं होतं. तरी पडला. हे त्यांना मुद्दाम सांगा.

पेशीवाचक

खारघरला राहतो, रेण्वीय जीवशास्त्रात काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही. पण 'का' याचं उत्तर देता येईल, आणि ते देणं गरजेचं वाटतं.

थायरॉईडच्या पेशीचं खास काम म्हणजे रक्तातलं आयोडीन ओढून घेणं. त्यासाठी तिच्या भिंतीत एक दार असतं, सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर नावाचं प्रथिन. लघुरूप एनआयएस. आपल्याला दिला जाणारा डोस आयोडीन-१३१ चा. आपल्या इथलं आयोडीन-१३१ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमपासून तयार होतं आणि वाशीच्या ब्रिट या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेमधून हॉस्पिटलांकडे जातं. अर्धायुष्य ८ दिवस, त्यामुळे साठवून ठेवण्यासारखं ते नाही. या सगळ्या खटाटोपाचा भरवसा त्या एका दारावर आहे. कॅन्सर झालेल्या पेशीतही दार शाबूत असेल तर ती स्वतःच्या हाताने किरणोत्सर्ग आत घेते आणि मरते. दार नसेल तर डोस तिच्या शेजारून निघून जातो.

पथ्य कशासाठी? अंगातलं साधं आयोडीन कमी झालं की पेशी भुकेली होते आणि आलेलं आयोडीन जोरात ओढते. पण दारच नसलेली पेशी भुकेली राहिली काय नि पोट भरलेली राहिली काय, आत काहीच जाणार नाही.

आता दार जातं कुठे? बहुतेक वेळा दाराचं जनुक हरवलेलं नसतं. जनुक जागच्या जागी असतं, पण त्याचा निरोप पोचू दिला जात नाही. इथे मायक्रोआरएनए येतो.

जनुकावरून मेसेंजर आरएनए ही चिठ्ठी निघते, चिठ्ठी वाचून प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा चिमुकला तुकडा. त्याच्यापासून स्वतःचं प्रथिन बनत नाही. तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत बसून चिठ्ठ्यांच्या शेपटाकडची अक्षरं चाचपत जातो आणि जिथे सहा-सात अक्षरं जुळतील तिथे चिकटतो. मग ती चिठ्ठी एकतर फाडली जाते नाहीतर वाचली जात नाही. एवढीशी जुळणी पुरत असल्यामुळे एकेक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्यांवर हात ठेवून असतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हे पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा बहुतेकांना ती त्या कृमीचीच लकब वाटली. २००० मध्ये लेट-७ नावाचा आणखी एक मायक्रोआरएनए सापडला, तो माणसातही निघाला, आणि मग सगळे खडबडून जागे झाले. २०२४ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं.

थायरॉईडबद्दल: २००५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या गटाने पॅपिलरी गाठी आणि त्याच रुग्णांची निरोगी थायरॉईड शेजारी शेजारी ठेवून पाहिली. गाठींमध्ये तीन मायक्रोआरएनए भरमसाट वाढलेले निघाले: मिर-१४६बी, मिर-२२१, मिर-२२२. नंतर देशोदेशीच्या प्रयोगशाळांत तेच दिसलं.

तुमच्या प्रश्नाशी थेट भिडणारं काम २०१५ चं, माद्रिदच्या गटाचं. त्यांनी दाखवलं की मिर-१४६बी दाराच्या, म्हणजे एनआयएसच्या चिठ्ठीवर जाऊन बसतो. शिवाय पॅक्स८ च्या चिठ्ठीवरही बसतो. पॅक्स८ म्हणजे 'तू थायरॉईडची पेशी आहेस' याची आठवण पेशीला सतत करून देणारं प्रथिन. दार बसवण्याचा हुकूमही तेच देतं. एकच तुकडा दारही अडवतो आणि दाराची आठवणही. त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये मिर-१४६बी जास्त झाला की आयोडीन आत जाणं घटलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या.

रानजाई

वाचतेय. चिठ्ठीचं उदाहरण कळलं.

स्लाइडवाली

ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, वीस वर्षं गाठी बघतेय. पेशीवाचक, छान लिहिलंत, पण एका ठिकाणी मला अडवावंसं वाटतं.

मिर-१४६बी वाढलेला दिसणं आणि त्याच्यामुळेच मावशींच्या गाठीचं दार गेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅपिलरी कॅन्सरमध्ये साधारण ६० टक्के गाठींत बीरॅफ जनुकात एकच ठरावीक बदल असतो, व्ही६००ई नावाचा. त्या बदलामुळे पेशीला 'वाढ, वाढ' असा आदेश अखंड मिळत राहतो, आणि त्या आदेशानेच एनआयएस दबतं. मिर-१४६बी सुद्धा बीरॅफवाल्या गाठींतच जास्त दिसतो. मग धनी कोण आणि चाकर कोण?

चेंदणीची_लेक, ऑपरेशननंतरचा रिपोर्ट काढा. त्यात पॅपिलरीच्या पुढे काही शब्द आहेत का बघा: टॉल सेल, हॉबनेल, किंवा 'पुअरली डिफरन्शिएटेड'. गाठ ग्रंथीच्या बाहेर पसरली होती का, तेही. आणि दुसऱ्या डोसच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला होता का? त्या औषधात भरपूर आयोडीन असतं, त्याने आयोडीन स्कॅन फसू शकतो. हे आधी बाजूला काढायला हवं.

चेंदणीची_लेक

सीटी झाला नव्हता. रिपोर्ट काढला, लिहिलंय: पॅपिलरी, टॉल सेल व्हेरियंट, ग्रंथीबाहेरच्या स्नायूपर्यंत पसरलेला, २२ पैकी ९ लसिका गाठींमध्ये कॅन्सर. तीन वर्षं हा कागद फायलीत होता आणि यातल्या एकाही शब्दाचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता.

स्लाइडवाली

मग चित्र बरंच स्पष्ट आहे. टॉल सेल म्हणजे उंच पेशी, रुंदीच्या किमान तिप्पट उंच. हा प्रकार नेहमीच्या पॅपिलरीपेक्षा आक्रमक. त्यात बीरॅफचा बदल बहुतेकदा सापडतो आणि आयोडीन घेण्याची ताकद कमी असते. आयोडीन स्कॅन कोरा आणि पेट स्कॅन उजळलेला, ही जोडीही ठरलेली आहे. पेशी आयोडीन विसरतात आणि साखर हावरटासारखी ओढायला लागतात. पेटमध्ये आपण साखरच बघतो.

मावशींना सांगा, हे दुसऱ्या डोसच्या आधी, पथ्याच्या आधी, कदाचित पहिल्या ऑपरेशनच्याही आधी गाठीत ठरून गेलेलं होतं. हे मी अंदाजाने सांत्वन म्हणून लिहीत नाहीये. रिपोर्टमधले शब्द तेच सांगतात.

पेशीवाचक

स्लाइडवाली, तुमचा आक्षेप रास्त आहे. पण माझं म्हणणं धनी-चाकरापेक्षा थोडं वेगळं आहे. माद्रिदच्या त्याच कामात असंही दिसलं की मिर-१४६बी आणि पॅक्स८ एकमेकांना आवरतात. म्हणजे तराजू एकदा एका बाजूला कलला की तो तिकडेच धरून ठेवणारी व्यवस्था तयार होते. सुरुवात बीरॅफने केली असेल, मान्य. कल टिकवायला मात्र मायक्रोआरएनए हातभार लावतो.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने ४९६ पॅपिलरी गाठींचा सगळा पट मांडला. त्यात बीरॅफवाल्या गाठी एकसारख्या निघाल्या नाहीत. एकाच बदलाच्या गाठींमध्ये काही थायरॉईडपण राखून असलेल्या आणि काही ते हरवलेल्या. हा फरक मिर-२१, मिर-१४६बी आणि मिर-२०४ यांच्या पातळीत उमटलेला होता. फक्त बीरॅफ बघून ही वाटणी दिसली नसती. माझा जीव या मुद्द्यावर अडकलाय: दोन बायकांच्या रिपोर्टवर 'बीरॅफ पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं, एक तीस वर्षं जगते, दुसरीला तीन वर्षांत फुफ्फुसात ठिपके. का?

स्लाइडवाली

हे पटलं. त्यात टर्ट जनुकाच्या प्रवर्तकातला (जनुक चालू करणाऱ्या भागातला) बदल धरायला विसरू नका. बीरॅफ आणि टर्ट एकत्र आले की गाठ फार वाईट वागते, हे रुग्णांच्या पाठपुराव्यातून आलेलं आहे. रोजच्या कामात मला त्याचा भरवसा मायक्रोआरएनएपेक्षा जास्त वाटतो.

नेरूळचा_प्रसाद

मी कधी लिहीत नाही इथे. माझे बाबा ॲनाप्लास्टिक थायरॉईड कॅन्सरने गेले. मानेला सूज दिसल्यापासून ११ आठवडे. गिळणं गेलं, मग आवाज गेला, मग श्वासासाठी गळ्याला भोक. त्यांना वीस वर्षं गलगंडासारखी साधी गाठ होती, सगळे म्हणायचे असू दे. ती अचानक अशी का झाली, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मायक्रोआरएनएचं त्यात काही आहे का?

पेशीवाचक

प्रसाद, लिहिलंत त्याबद्दल आभार. बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

ॲनाप्लास्टिक हा थायरॉईड कॅन्सरमधला एक-दोन टक्क्यांचा प्रकार, पण थायरॉईड कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा त्या मानाने खूप मोठा. निदानानंतर निम्मे रुग्ण पाचेक महिनेही काढू शकत नव्हते. जुनी गाठ किंवा जुना पॅपिलरी कॅन्सर यातून तो उभा राहतो असं अनेकदा दिसतं. पी५३ सारखी राखणदार जनुकं मोडतात आणि पेशी आपलं मूळ पूर्ण विसरते. पॅपिलरीत दार जातं. इथे घरच ओळखू येत नाही.

मायक्रोआरएनएचा भाग असा. मिर-२०० आणि मिर-३० ही दोन कुटुंबं निरोगी पेशीत असतात आणि पेशीला शेजारणींना धरून, जागेवर ठेवतात. २०१० मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की ॲनाप्लास्टिक गाठींत ही दोन्ही कुटुंबं खूप घटलेली असतात. मिर-२०० चं काम झेब१ आणि झेब२ या प्रथिनांना दाबून ठेवणं. ती मोकळी सुटली की पेशी शेजारणींचा हात सोडते, लांबोडकी होते आणि सरकायला लागते. त्यांनी वाढवलेल्या ॲनाप्लास्टिक पेशींमध्ये हे मायक्रोआरएनए परत घातले तेव्हा पेशींचं आक्रमण कमी झालं. बशीतल्या पेशींत, माणसात नव्हे.

दुसरीकडे काही वाढतात. मिर-१७-९२ हा सहा मायक्रोआरएनएंचा एकत्र निघणारा घोस. आणि मिर-२२१, २२२ हे पी२७ नावाच्या प्रथिनाची चिठ्ठी दाबतात. पी२७ म्हणजे पेशी-विभाजनाचा लगाम. लगाम सुटतो आणि पेशी हलायलाही मोकळी होते. सुजेचं ११ आठवड्यांत एवढं होणं यामागे असं बरंच काही एकाच वेळी घडत असतं. बाबांची गाठ नेमकी कुठल्या वाटेने गेली ते आता सांगता येणार नाही.

नेरूळचा_प्रसाद

एवढं पुष्कळ झालं. आईला वाचून दाखवतो.

स्लाइडवाली

एक जोडते, कारण हा धागा कुणीतरी घाईत शोधत येईल. ॲनाप्लास्टिकचा संशय असेल तर बीरॅफची तपासणी पहिल्या दिवशी मागा. व्ही६००ई असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडगोळी आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये याच आजारासाठी तिला मान्यता मिळाली. प्रसादच्या बाबांच्या वेळी ती कदाचित हाताशी नसेल. आता एकेक दिवस मोजायचा असतो. मानेची जुनी गाठ आठवड्या-दोन आठवड्यांत वाढताना दिसली, आवाज बसला, तर वाट बघू नका.

हिरवाई

आमच्याकडे कांचनार गुग्गुळाने गाठी विरघळल्याची उदाहरणं आहेत. मावशींना देऊन बघा.

स्लाइडवाली

हिरवाई, हेतू चांगला आहे हे कळतं. पण फुफ्फुसात ठिपके असलेल्या टॉल सेल कॅन्सरवर नको. आणि काही घेतलंच तर डॉक्टरांना सांगून घ्या, थायरॉक्सिनची गोळी कुठल्याही परिस्थितीत थांबवू नका. त्या गोळीने टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) खाली राहतं आणि टीएसएच हे या पेशींचं खतपाणी आहे.

घोडबंदर_टेक्निशियन

रक्ताच्या तपासणीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी लॅबमध्ये नमुने हाताळतो, त्यामुळे हे माझ्या हाताखालचं आहे.

रक्तात फिरणारे मायक्रोआरएनए असतात हे खरं. ते टिकाऊही असतात. पण लाल पेशींमध्ये मिर-१६ आणि मिर-४५१ सारखे मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. सुई टोचताना शीर नीट सापडली नाही, नळी जोरात हलवली, मोटरसायकलवरून घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून नमुना आला, की थोड्या लाल पेशी फुटतात. डोळ्याला सीरम जरासं गुलाबी दिसतं किंवा दिसतही नाही, आणि आकडे मात्र पार बदलून जातात. मोजलेला आकडा कशाच्या तुलनेत मांडायचा, यावरही लॅबालॅबांत एकमत नाही. त्या आकड्यावर कुणाच्या आईचा उपचार ठरावा असं मला वाटत नाही. पाच अंकी रक्कम ठेवा, पुढे लागेल.

स्लाइडवाली

शंभर टक्के सहमत. मायक्रोआरएनएच्या तपासणीला आज खरी जागा आहे ती वेगळ्या ठिकाणी. सुईच्या तपासणीत कधी कधी गाठ साधी की कॅन्सरची हे ठरत नाही, बेथेस्डा (सुईच्या तपासणीचा निकाल सांगायची श्रेणी) तीन किंवा चार असा शेरा येतो. अशा वेळी सुईतल्याच पेशींमधले मायक्रोआरएनए मोजून ऑपरेशन टाळता येईल का हे बघणाऱ्या चाचण्या परदेशात वापरात आहेत. मावशींच्या बाबतीत तो प्रश्न तीन वर्षांपूर्वीच संपला. आता रक्तातला आकडा उपचार बदलणार नाही. थायरोग्लोब्युलिन आणि स्कॅन हेच बोलके आहेत.

जी तपासणी उपचार बदलू शकते ती ऑपरेशनच्या गाठीवर करायची. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथे पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, जपलेले असतात. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यावर बीरॅफ, रेट, एनट्रॅक, टर्ट या जनुकांतले बदल बघता येतात. रेट किंवा एनट्रॅकचं जोड-जनुक (दुसऱ्या जनुकाला चिकटून झालेलं) निघालं तर त्यांची स्वतंत्र औषधं आहेत. काहीच नाही निघालं तरी लेनव्हॅटिनिब, सोराफेनिब या गोळ्या आहेत, आणि गाठी सावकाश वाढत असतील तर नुसतं लक्ष ठेवणंही आहे. हे ठरवणार तुमचे डॉक्टर. तुम्ही फक्त रिपोर्ट आणि ब्लॉक घेऊन जा आणि विचारा.

ऐरोलीची_आई

दार परत बसवता येत नाही का? वेडा प्रश्न असेल तर माफ करा.

पेशीवाचक

अजिबात वेडा नाही, जगभर याच प्रश्नावर माणसं राबताहेत.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये आयोडीन न घेणाऱ्या २० रुग्णांना सेल्युमेटिनिब हे औषध थोडे आठवडे दिलं. ते बीरॅफच्या त्या 'वाढ, वाढ' आदेशाच्या साखळीला पुढच्या कडीवर अडवतं. १२ जणांच्या गाठी पुन्हा आयोडीन घ्यायला लागल्या, ८ जणांत इतक्या, की डोस देता आला. म्हणजे दार कायमचं गेलेलं नसतं, काहींमध्ये परत येतं. नंतर हेच औषध सुरुवातीच्या डोसबरोबर सरसकट देऊन पाहिलं तेव्हा मात्र फायदा दिसला नाही. कुणाला द्यायचं, हे निवडता यायला हवं. माझ्या मते मायक्रोआरएनएचा उपयोग पुढेमागे इथे होईल: कुणाचं दार परत येण्याजोगं आहे ते ओळखायला.

थेट मायक्रोआरएनए औषध म्हणून देणं अजून अवघड आहे. मिर-३४ ची नक्कल करणारं एक औषध यकृताच्या आणि इतर कॅन्सरमध्ये माणसांत दिलं गेलं होतं. प्रतिकारशक्ती बिथरून रुग्णांना गंभीर त्रास झाला, २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एकेक तुकडा शेकडो चिठ्ठ्यांवर हात ठेवतो, हे मी वर लिहिलं होतं. औषध म्हणून द्यायला गेलं की तीच गोष्ट आडवी येते.

चेंदणीची_लेक

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. रक्ताची तपासणी रद्द केली.

काल हॉस्पिटलात अर्ज देऊन ब्लॉक घेतले. दोन तास लागले, पण मिळाले. बोटाच्या पेराएवढे मेणाचे सहा तुकडे, प्लॅस्टिकच्या डबीत. आज ते डॉक्टरांपुढे ठेवले आणि स्लाइडवालींनी सांगितलेले शब्द एकेक करून विचारले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पंधरा मिनिटं बोलले. तपासणीला पाठवलंय, निकालाला दोन-तीन आठवडे. फुफ्फुसातले ठिपके सहा महिन्यांत फार वाढलेले नाहीत, म्हणून गोळ्या लगेच नकोत असं म्हणाले.

पेशीवाचक, तुमचं दाराचं मावशीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे दार त्या गाठीनंच लावलं व्हतं." मी म्हटलं हो. थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, आता डोस नाही तर पथ्यही नाही ना? नाही म्हटल्यावर उठली आणि बोंबील आणायला बाजारात गेली.

निकाल आला की इथेच लिहिते.